माकूच्या डोळ्यांचा निवाडा

ओबोमेच्या बाजारात तेलाचा नवा डबा आला की झाकण उघडून आधी माकूला दाखवायचा आणि मगच गिऱ्हाइकाला. तेवीस वर्षांचा रिवाज होता हा. माकू म्हणजे तेलवाल्या बायकांची राणी. राणी म्हटलं तरी थाटमाट काही नाही. कडुनिंबाखाली एक लाकडी स्टूल, मनगटात आईच्या वेळचे काचमणी आणि मांडीवर पांढरं इनॅमलचं ताट, एवढंच तिचं राज्य.

ताटावर ती तेलाचे चार थेंब टाकायची आणि ताट उन्हात धरून हळूच कलतं करायची. थेंब ओघळला की मागे पातळ कड राहते. ती कड केशरी-पिवळी दिसली तर तेल पामच्या फळाचं, अस्सल. कड गुलाबी दिसली तर कुणीतरी त्यात रंग कालवलाय. हा रंग मुळात बुटाच्या पॉलिशचा. हलकं, फिकट तेल त्याने लालभडक दिसतं आणि खाणाऱ्याच्या पोटात मात्र विष जातं. असा एक डबा सापडला तरी राजधानी अक्र्याचे व्यापारी सगळ्या बाजाराकडे पाठ फिरवतात, म्हणून बायकांनी पारखायचं काम माकूवर टाकलं होतं. तिने ‘रंग’ म्हटलं की डबा गटारात आणि बाई बाजाराबाहेर. त्यावर कुणी दाद मागत नसे, कारण दाद मागायची तर तीही माकूकडेच.

आणि खोटं कशाला बोला, माकूला हे सगळं फार आवडायचं. ती स्टुलावर बसली की बायकांचे आवाज आपोआप खाली यायचे. अडुसष्ट वर्षांच्या विधवा बाईसाठी उठून उभं राहणारं दुसरं कोण होतं? घरी एक मुलगी, कोर्कोर, तीही शाळेत मास्तरीण. ती आईशी वर्गातल्या पोरांशी बोलावं तशी बोलायची.

माकू तेलातच वाढली होती. डोंगरामागच्या मळ्यावर तिची आई फळांचे घड उकळायची आणि सात वर्षांची माकू उखळापाशी उभी राहून आपल्यापेक्षा उंच मुसळाने ती फळं कांडायची. तळवे कायम हळद लागल्यासारखे. चुलीत पिळलेल्या फळांचा चोथा जाळायचा, आणि त्याचा धूर असा की डोळ्यांचं पाणी खळायचं नाही. तेव्हा जेवण ठरलेलं असे. लाल तेलात शिजवलेला अळूचा पाला आणि उकडलेलं कोनफळ. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

पुढे तेई नावाच्या लॉरीवाल्याशी लग्न झालं, तिच्या तेलाचं नाव झालं, मळ्यावरची झोपडी जाऊन गावात सिमेंटचं घर आलं. घराबरोबर जेवणही बदललं. अळूचा पाला गरिबाघरचा, म्हणून तो उंबऱ्याबाहेर गेला. पांढरा भात आला, डब्यातला टोमॅटो आला. आणि तेल? लाल तेलाचे डाग पाहुण्यांच्या कपड्यांवर पडतात, शिवाय ते शेतावरच्या माणसांचं. म्हणून माकूच्या घरी तेल आधी कढईत धूर येईपर्यंत तापवायचं. लाली पार उडून ते पाण्यासारखं नितळ झालं की मग त्यात कांदा टाकायचा. गावातल्या सगळ्या बऱ्या घरांत असंच करतात. सबंध मुलखाला लाल तेल पुरवणाऱ्या बाईच्या ताटात पस्तीस वर्षांत लाल तेल पडलं नाही, आणि याचं नवल तिला स्वतःलाही कधी वाटलं नाही.

डोळ्यांची कुरकुर सुरू झाली ती सुईपासून. दोरा ओवता येईना. मग बायबलातल्या ओळी मधेच तुटायला लागल्या. चष्मा करून झाला, दोनदा बदलून झाला. नंतर एक दिवस चर्चमध्ये समोरून येणाऱ्या बाईचे कान दिसले, डोक्याचं फडकं दिसलं, पण मधे चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. बाई बोलली तेव्हा कळलं की ही सख्खी नणंद.  माकू हसून म्हणाली, “काय ग, हल्ली झोपत नाहीस वाटतं? चेहरा किती उतरलाय!” नणंदेला ते पटलं आणि माकूची वेळ निभावली.

त्या दिवसापासून ती अशाच युक्त्या करत राहिली. माणसं आवाजावरून ओळखायची. रस्ता पायाने चाचपायची. मान थोडी वाकडी करून बघितलं की डोळ्याच्या कडेने काहीबाही दिसायचं. बायकांना वाटायचं, राणीबाई रुबाबात मान वळवून बसतात. अक्र्याहून येणाऱ्या प्रवासी गाडीत एका विक्रेत्याने तिला गोळ्यांची बाटली विकली होती. गाडी सुटल्यापासून पोहोचेपर्यंत तो एकसारखा बडबडत होता. म्हणे, यात अँटिऑक्सिडंट आहे, तीन महिन्यांत चष्मा नाल्यात फेका! माकूने त्या गोळ्या गुपचूप अकरा महिने खाल्ल्या. दवाखान्यात गेलं तर चारचौघांत कळणार, आणि कळलं की स्टूल गेलं. म्हणून ती दवाखान्याचं नाव काढायची नाही.

ताटाचं काय? इथे मात्र मला माकूचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. ताटावर तिला एक गडद डाग दिसायचा, बस्स. कड केशरी की गुलाबी, देव जाणे. मग ती वास घ्यायची, बोटाने चोळायची आणि बाईचा आवाज ऐकायची. जी नम्रपणे बोलायची तिचं तेल चांगलं निघायचं. जिची जीभ तिखट, तिच्या तेलात माकूला रंग दिसायला लागला. आपण लबाडी करतोय असं तिला वाटतही नसे. इतक्या वर्षांचा हात आहे, तो चुकणार नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

आणि नाकीची जीभ तर चांगलीच तिखट होती. वरच्या मळ्यावरची ही विधवा, दोन लेकरांची आई. त्या गुरुवारी ती डोक्यावरून डबा घेऊन आली आणि घाम पुसत माकूसमोर बसली. शेजारी तेलवाल्यांची सेक्रेटरी, कम्फर्ट नावाची बाई, वही घेऊन उभी होती. कम्फर्टचा आवाज एवढा मोठा की तिला कर्णा लागत नसे.

“दोन दिवस उकळलंय, मावशी,” नाकी म्हणाली. “बघा कसं झालंय.”

माकूने थेंब टाकले. ताट कलतं केलं. डाग. नुसता डाग.

“जरा उन्हात तरी धरा,” नाकी म्हणाली. “सावलीत धरून काय दिसणार तुम्हाला? का नाकाने बघताय?”

मागे दोघीतिघी फिसकन हसल्या. माकूच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मला शिकवू नकोस. तुझी आई परकर नेसत होती तेव्हापासून तेल बघतेय मी.”

“मग बघा की! नाही कोण म्हणतंय?”

माकूने ताट खाली ठेवलं. “रंग आहे यात.”

“काय आहे?”

“रंग. कम्फर्ट, लिहून घे.”

नाकी आधी हसली, कारण तिला ती थट्टा वाटली. मग कम्फर्टने डब्याला हात घातला तेव्हा ती डब्यावर पालथी पडली. “माझ्या पोरांच्या गळ्याची शपथ! फळं तुमच्याच भाच्याच्या मळ्यातली आहेत, विचारा त्याला!” चौघींनी तिला ओढून बाजूला केलं. कम्फर्टने रिवाजाप्रमाणे पुरावा म्हणून एक बाटली भरून घेतली आणि उरलेला डबा गटारात ओतला. गटारातून लाल ओघळ वाहत गेला तसं नाकीचं तोंड सुटलं.

“ज्या डोळ्यांनी हे बघितलंस ना म्हातारे, ते डोळे तुला पुरायचे नाहीत! सांगून ठेवते!”

सगळ्या बाजाराने ते ऐकलं.

पुराव्याची बाटली माकूच्या घरी दारामागे ठेवायची, हाही रिवाजच; कोर्कोरने मात्र बाजाराच्या भानगडीत कधी लक्ष घातलं नव्हतं. दोन दिवसांनी शनिवारी दुपारी कोर्कोर स्वयंपाकाला लागली आणि माकू ओसरीवर पाय पसरून बसली होती. आतून तापल्या तेलाचा वास आला.

“आई, आपलं तेल संपलं होतं,” कोर्कोरने आतून हाक मारली. “दारामागची बाटली घेतली ग.”

माकू धडपडत उठली. “अगं, टाकून दे ती! रंगाची आहे, नाकीची!”

“रंगाची?” कोर्कोर कढईत बघत म्हणाली. “छे! हे तेल तर केव्हाच पांढरं झालं.”

माकू दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. रंगाचं तेल कितीही तापवा, लालच राहतं. फळाची लाली तेवढी आचेने उडते. दहा वर्षांपूर्वी हे तिने स्वतःच भर बाजारात चूल पेटवून दाखवलं होतं. पण दर डब्यासाठी चूल कोण पेटवत बसणार, आणि माकूचे डोळे असताना पेटवायची तरी कशाला, म्हणून ते मागे पडलं होतं.

“नीट बघ. कडेला कुठे लाल राहिलंय का?”

“नाही ग. पाण्यासारखं झालंय. तूच बघ की, समोर तर आहे.”

माकू कढईवर वाकली. धूर तोंडावर आला. मधोमध तोच धुरकट डाग.

“मला दिसत नाही, कोर्कोर,” ती म्हणाली. “बरेच दिवस झाले.”

कोर्कोरने कढई उतरवली. ती ओरडेल असं माकूला वाटलं होतं, पण ती ओरडली नाही. मास्तरीण मुलीने आईसमोर हाताची बोटं धरली, हळूहळू बाजूला नेली, परत मधे आणली, आणि मग पदराचं टोक तोंडात धरून ती तिथेच खाली बसली.

सोमवारी दोघी जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ आत बघितलं. त्यांना माकूची क्रोबो बोली येत नव्हती, म्हणून सगळं समजावून सांगायचं काम आंगमोर नावाच्या नर्सकडे आलं. हा नर्स म्हणजे एक धिप्पाड, हळू बोलणारा बाप्या होता. त्याने आधी एक कार्ड पुढे धरलं. कार्डावर चौकटीचौकटीच्या रेघा होत्या, मधे एक ठिपका.

“डावा डोळा झाका, मावशी. काय दिसतं?”

“मधे खड्डा पडलाय. रेघा वाकून त्यात पडताहेत.”

“आणि दुसऱ्या डोळ्याने?”

“ह्याने जरा बरं आहे. मधे धुरकट डाग, पण त्याच्या भोवती रेघा हलताना दिसताहेत.”

आंगमोरने कार्ड खाली ठेवलं. “डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या मधोमध मोहरीएवढी पिवळी जागा असते. चेहरे ओळखायचे, सुई ओवायची, तेलाचा रंग बघायचा, हे सगळं तेवढ्याशा जागेवर चालतं. तिथे जन्मभर उजेड पडतो. त्याने तिथे गंज चढतो म्हणा ना, लोखंडाला चढतो तसा. तरुणपणी शरीर तो पुसून काढतं. वय झालं की पुसणं मागे पडतं आणि गंज पुढे जातो.”

“आणि पुसायचं कशाने?”

“ती जागा पिवळी का असते सांगू? हिरव्या पाल्यात, पिवळ्या मक्यात जो रंग असतो तोच तिथे जाऊन बसतो आणि गंजाला आडवा येतो. लाल तेलातलं सत्त्वही असंच गंजाशी भांडणारं. तुम्ही बरोबर आणलेल्या या बाटलीवर अँटिऑक्सिडंट लिहिलंय ना, ते हेच.” त्याने गाडीतल्या विक्रेत्याची बाटली उलटीसुलटी करून बघितली. “यात किती आहे, आहे की नाही, कुणास ठाऊक. पण तुम्ही तर तेलवाल्या. लाल तेल भरपूर खात असाल.”

 उत्तर कोर्कोरने दिलं. “आम्ही विकतो. खाताना पांढरं करून खातो.”

“आणि पाला?”

“पाला आमच्याकडे होत नाही.”

आंगमोर खुर्चीत मागे टेकला. “आचेने लाली उडाली की ते सत्त्वही उडतं हो.”

“म्हणजे खाल्लं असतं तर माझे डोळे राहिले असते?” माकूने विचारलं.

“असं कुणीही सांगणार नाही. पाला खाणाऱ्यांचेही जातात. वय असतं, घराण्यातून आलेलं असतं, ऊन असतं. तुमचे कदाचित उशिरा गेले असते. कदाचित नाहीसुद्धा.”

हो म्हणाला असता तर तिने कपाळ बडवून घेतलं असतं. नाही म्हणाला असता तर सुटका झाली असती. हे ‘कदाचित’ मात्र तिला गिळवेना की थुंकवेना.

“आणि आता खाल्लं तर?”

“उजव्याचं गेलेलं परत येत नाही, मावशी. खोटी आशा दाखवत नाही. डावा अजून अर्ध्या वाटेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासाठी गोळ्या लिहिल्यात, त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं. त्या घ्या, पाला खा, डोक्यावर टोपी घाला. जपलात तर तो सावकाश जाईल, बराच काळ टिकेलसुद्धा.”

उठता उठता माकूने विचारलं, “हे कधीपासूनचं असेल?”

“उजव्यात जुना व्रण दिसतोय. निदान तीन वर्षांचा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.”

परतीच्या गाडीत कोर्कोर तिचा हात धरून बसली होती आणि माकू मनात बायका आठवत होती. तीन वर्षांत तिने नाकीसकट चौघींना बाजाराबाहेर काढलं होतं. घर येईपर्यंत तिने ठरवलं की नाकीचं तेवढं सांगायचं. तेल पांढरं झालं, चूक झाली, नाकीला परत घ्या, एवढं बोलायचं. उरलेल्या तिघींचं तेल कधीच वाहून गेलं होतं, आता कोण विचारणार होतं? लोक तिला म्हातारी म्हणून दया दाखवतील आणि पूर्वीची माकू तरी शाबूत राहील. एवढं नाव शिल्लक राहिलं तरी पुरे, असं तिला वाटत होतं.

गुरुवारी तिने कडुनिंबाखाली सगळ्यांना बोलावलं. पन्नासेक बायका जमल्या.

“नाकीचं तेल अस्सल होतं,” माकू म्हणाली. “घरी चुलीवर ठेवलं, पांढरं झालं. माझी चूक झाली. माझे डोळे गेलेत, बायांनो. आता ताट मला झेपायचं नाही.”

 कम्फर्टने हंबरडा फोडला. “मावशींचे डोळे! अग बाई, मावशींचे डोळे!” तिने गळ्यात पडून माकूला घट्ट धरलं आणि त्याच दमात मान वर करून विचारलं, “पण असे गेले कसे? त्या गुरुवारी तर तुम्ही ताट बघितलंत.”

माकू मनगटातले काचमणी फिरवत राहिली.

“तुम्ही डबा ओतायला लावलात आणि ती नाकी काय म्हणाली?” कम्फर्टचा आवाज चढला. “ऐकलंय की नाही सगळ्यांनी? ते डोळे तुला पुरायचे नाहीत! आठच दिवस झालेत त्याला!”

गर्दीतून एक गुरगुर उठली. कुणीतरी म्हणालं, म्हणून तेल अस्सल निघालं, करणी करणारीला तेवढं तेल बदलणं काय अवघड? दुसरी म्हणाली, तिचा नवराही असाच पटकन गेला होता. माकू “अगं ऐका, ऐका” म्हणेपर्यंत चौघीजणी लुगड्याच्या गाठी मारून लॉऱ्यांच्या अड्ड्याकडे गेल्यासुद्धा. बाजारबंदी झाल्यापासून नाकी तिथे रस्त्याकडेला कसाव्याचे कंद आणि पीठ विकत बसायची.

तिला ओढत आणलं. माकूला तिचा चेहरा दिसला नाही, श्वास तेवढा ऐकू आला. धापा टाकत होती.

“सोड मावशीचे डोळे!” कम्फर्ट किंचाळली.

“मी काय केलंय?” नाकी म्हणाली. “रागात बोलले ग! रागात माणूस बोलतं!” नेहमीची तिखट जीभ अडखळत होती. “माझी पोरं घरी एकटी आहेत. सोडा मला.”

“प्रार्थनेच्या छावणीत न्या तिला,” मागून कुणी म्हणालं. “साखळीला बांधलं की सोडेल.” करणी उतरवायला माणसं बांधून ठेवणाऱ्या त्या छावणीतून माणूस कसा परत येतो हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि तरी कुणी ‘नको’ म्हटलं नाही.

“करणी नाही ही!” माकू ओरडली. “आजार आहे. डोळा आतून गंजतो. वयाने, उन्हाने. मी जन्मभर लाल तेल तुम्हाला विकलं आणि घरी लाली जाळून खाल्ली, तेही असेल. दवाखान्यात सांगितलंय.”

“आजार असा आठ दिवसांत येतो होय?” कम्फर्ट म्हणाली. तिला वाटत होतं ती माकूचीच बाजू घेतेय. “ईस्टरच्या बाजारी तुम्ही त्या जोआनाचा रंग पकडलात की नाही? केवढा फिकट होता, आम्हाला कुणाला दिसला नाही, तुम्हाला दिसला! तेव्हा होते ना डोळे? मग आत्ताच कसे गेले?”

माकूला कळलं की आता नाकीला सोडवायचं तर एकच रस्ता आहे, आणि तो तिच्या स्वतःच्या अंगावरून जातो. ती गप्प बसली तर जुनं नाव शाबूत राहणार होतं. त्याची किंमत समोर धापा टाकत उभी होती.  

“नव्हते,” ती म्हणाली.

“काय नव्हते?”

“डोळे. ईस्टरला नव्हते. त्याच्याही आधी नव्हते. तीन वर्षं झाली, मला ताटावर नुसता डाग दिसतो. जोआनाच्या तेलात रंग होता की नाही, मला माहीत नाही. तिच्या आधी ती वळणावरची म्हातारी, तिच्या आधी दोर्कास. कुणाच्याच तेलात मला काही दिसलं नाही. ज्या मला उलट बोलायच्या त्यांच्या तेलात रंग आहे असं मी म्हणायचे. आणि कम्फर्ट, तुझं तेल मी दरवेळी चांगलं म्हटलं, तेसुद्धा न बघताच. तू गोड बोलतेस म्हणून.”

माकूच्या गळ्यातला कम्फर्टचा हात निघाला. नाकीला धरलेले हातही एकेक करून सुटले असावेत, कारण ती समोर आली आणि तिच्या अंगाचा कसाव्याच्या पिठाचा वास माकूला आला. माकूला वाटलं ती काहीतरी बरं बोलेल.

“हे डबा ओतायच्या आधी नाही सुचलं?” नाकी म्हणाली, आणि फडकं झटकून निघून गेली.

बायका आपापसात बोलू लागल्या. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं, कुणी आजपासून दर डब्याला चूल पेटवा म्हणत होतं. कोर्कोर शाळेतून सुट्टी घेऊन आली होती. तिने आईला दंडाला धरून उठवलं. तेवढ्यात कुणीतरी वाटेत येऊन उभं राहिलं. माकूने मान वाकडी करून बघितलं. तरुण बाई, पाठीला मूल बांधलेलं. ती नजरेच्या मधोमध आली आणि डागात नाहीशी झाली.

“कोण आहे?” माकूने विचारलं. “मला दिसत नाही ग. नाव सांग.”

“एस्थर. दोर्कासची मुलगी.”

“आई कशी आहे?”

“मागच्या पावसात गेली.”

 “ती निर्दोष असेल,” माकू म्हणाली. “तिला सांगायला हवं होतं मी.”

“ती कुणाला काही बोलली नाही, मावशी. तुमच्याबद्दल तर कधीच नाही,” एस्थर म्हणाली. “जायच्या आदल्या दिवसापर्यंत भांडी घासत होती. राखेने, मग वाळूने, मग परत राखेने. म्हणायची, माकूला दिसलं म्हणजे असणारच काहीतरी, माझ्याच भांड्यांना लागलं असेल.”